लाइट गेल्यावरचा सिनेमा

कापसाचे ट्रक सुरू झाले की आमच्या यवतमाळला पांढरं लागतं. रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना, तारेच्या कुंपणांना, चहाच्या टपरीच्या छपराला, शाळेतून येणाऱ्या पोरींच्या वेण्यांना, सगळीकडे पुंजके चिकटलेले असतात. सकाळी अंगण झाडलं की केरात धूळ कमी आणि कापूस जास्त निघतो. जिनिंगच्या बाजूने वारा सुटला की सरकीचा तेलकट, जरासा कोंदट वास घरात शिरतो आणि दुपारपर्यंत निघत नाही. दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागलेले असतात, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि थंडी उंबऱ्याशी येऊन आत यावं की नाही याचा विचार करत असते. असे दिवस आले की मला हमखास इंग्लंड आठवतं.

हसू नका. माझी मजल पुण्याच्या पलीकडे गेलेली नाही आणि विमान मी अजून खालूनच पाहते. पण मी ज्या इंग्लंडबद्दल बोलते आहे, तिथे जायला पासपोर्ट लागत नव्हता. ते काळं-पांढरं होतं. तिथले रस्ते कायम ओले, माणसं कायम कोटात, आणि काहीही होवो, घर जळो की लग्न मोडो, कोणीतरी उठून चहाचं आधण ठेवायचं. एवढ्या एका गोष्टीवरून मला ती माणसं आपली वाटायची. शिवाय त्या इंग्लंडातही आमच्यासारखीच दर दुपारी लाइट जायची.

यंदा हे सगळं वर यायला कारण झालं एक पाकीट. माझा मुलगा पुण्यात असतो, त्यानं पाठवलेलं. आत एक डीव्हीडी होती. तिकडे इंग्लंडात म्हणे कोणी लोक जुने, जगाच्या विस्मरणात गेलेले सिनेमे शोधून काढतात, त्यांच्यावरची धूळ आणि ओरखडे पुसतात आणि घरी बघायला विकतात. मी कितीतरी वर्षं त्याच्यामागे लागले होते की मला एक सिनेमा शोधून दे. नाव? माहीत नाही. नट कोण? माहीत नाही. एक धुराडं आहे, दगडी पायऱ्या आहेत, आणि टोपी हातात घेऊन उभा असलेला एक साहेब आहे. तो म्हणायचा, आई, तिकडच्या जुन्या सिनेमांपैकी अर्ध्यांत धुराडं आहे आणि उरलेल्या अर्ध्यांत टोपी आहे. पण पोरगं माझंच, चिवट. त्यानं हुडकून काढला. पाकीट फोडून कव्हरवरचं चित्र पाहिलं. तेच धुराडं. आम्ही त्या सिनेमाला 'गिरणीवाला' म्हणायचो.

तेव्हा मी कॉलेजात होते. बाबा सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आली की कापसात खोल हात घालायचा, चिमूट काढायची, दोन्ही अंगठ्यांत धरून तंतू ओढून पाहायचा, ओल पाहायची, कचरा पाहायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. त्यांच्या खिशांत कायम रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, पुंजके असायचे आणि कपडे धुताना आई कायम कुरकुरायची. पण गावात त्यांची ओळख हाताची नव्हती, आवाजाची होती. गणपतीत आमच्या चौकातल्या मंडळाचा माइक दरवर्षी त्यांच्याकडे. निळा सदरा घातलेला, आपलं नाव राजू सांगणारा एक मुलगा आमच्याजवळ आहे, पालकांनी घाबरू नये, असं ते खणखणीत पण शांत आवाजात सांगायचे, आणि त्यांनी घाबरू नये म्हटलं की खरोखरच कोणी घाबरायचं नाही. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या बाबांचा आवाज रेडिओसारखा आहे. मला त्याचा फार ताठा होता.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, पाऊस नको तेव्हा आलेला, आणि जिल्ह्याचं नाव देशभर पोचलेलं, तेही नको त्या कारणाने. सकाळी पेपर आला की आई तो आधी उपडा ठेवायची. बाबांची नेमणूक मारेगावच्या पुढच्या एका केंद्रावर होती. तिकडेच खोली घेऊन राहायचे, शनिवारी घरी यायचे. त्या हंगामात ते एकदा मधल्याच वारी आले, पिशवी कोपऱ्यात ठेवली, रजा टाकली म्हणाले, आणि त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं.

अगदी मुके झाले असं नाही. हो, नाही, नको, एवढं निघायचं, तेही घोगरं. डॉक्टरांनी घसा तपासला, घशात काही नाही म्हणाले. काय झालं, असं आईने विचारलं की ते हाताने 'काही नाही' अशी खूण करायचे. तिकडे खरेदी थांबली होती हे पेपरात आलं होतं, पण खरेदी तर त्या वर्षांत कितीदा थांबायची आणि कितीदा सुरू व्हायची. त्यात बाबांनी गप्प होण्यासारखं काय होतं, ते आम्हाला कळत नव्हतं.

आणि त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात गप्प झालेल्या माणसाची सगळ्यांनाच धास्ती वाटायची. कोणत्या घरात कोण गप्प झालं होतं आणि पुढे काय झालं, हे लोक हलक्या आवाजात एकमेकांना सांगायचे. आमच्याकडे शेत नव्हतं, डोक्यावर कर्ज नव्हतं, पण त्याने आईला धीर येत नव्हता. ती बाबांना मागच्या विहिरीवर एकटं जाऊ द्यायची नाही, काहीतरी निमित्त काढून पाठोपाठ जायची. मी कॉलेजातून येताना कोपऱ्यावर थांबून आधी आमच्या दारासमोर गर्दी आहे का ते पाहायचे. नसली की हायसं वाटायचं, आणि मगच पुढे पाय टाकायचे.

अशात नागपूरहून माझा मामा आला, डोक्यावर खोकं घेऊन. मामाला स्वस्तात मिळालेल्या वस्तूचं भारी वेड. नागपुरातल्या एका जुन्या क्लबाने सिनेमांच्या कॅसेट मोडीत काढल्या होत्या, कारण आता सगळीकडे सीडी आल्या होत्या, आणि मामाने त्या रद्दीसारख्या उचलल्या होत्या. सिनेमांशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न संक्रांतीनंतर होतं आणि या कॅसेट पुसून त्यांच्यावर ते लग्न भरायचं, असा त्याचा बेत. कोणत्या चालतात तेवढं तपासून ठेवा भाऊजी, असं बाबांना सांगून तो जेवायला बसला. बाबांनी मान हलवली. नाही म्हणायलाही शब्द लागतात.

त्यांनी व्हीसीआर उघडला. औषधांच्या दुकानातून आणलेलं स्पिरिट आणि खिशातला रुईचा पुंजका घेऊन त्याचं डोकं पुसलं. अख्ख्या यवतमाळात इतक्या चांगल्या प्रतीच्या रुईने व्हीसीआर पुसणारं आमचंच घर असेल. पहिली कॅसेट आत गेली, आतून घरघर आली, पडद्यावर थोड्या मुंग्या आल्या, आणि एका स्टेशनवर पाऊस पडायला लागला. छत्र्यांची गर्दी. बाबांचा हात होता तिथेच थांबला. मग ते हळूच खाली सतरंजीवर बसले.

हा सिनेमा त्यांनी पाहिला होता. नागपूरला शिकायला असताना रविवारी सकाळी विद्यार्थ्यांसाठी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, तिथे ते होस्टेलातून चालत जायचे. इंग्रजी शिकायला जायचो आणि चहाची तलफ घेऊन परत यायचो, असं ते आम्हाला चांगल्या दिवसांत सांगायचे. तेच सिनेमे, जे त्यांच्याशिवाय आमच्या ओळखीत कोणी पाहिलेले नव्हते आणि ज्यांची नावं त्यांनाही आठवत नव्हती, ते आता मामाच्या खोक्यातून निघाले होते. कॅसेटवरच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून गेल्या होत्या. म्हणून आम्हीच नावं ठेवली. हा 'छत्रीवाला'.

टीव्हीचा आवाज ऐकून शेजारची सोनीयाडी आली. शेजारच्या बिऱ्हाडात बँकेतले राठोड राहायचे, त्यांची ही म्हातारी आई. याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आईच, आणि सगळी गल्ली तिला याडी म्हणायची. लेकाने तिला महागावकडच्या तांड्यावरून शहरात आणलं होतं आणि ती पार कंटाळून गेली होती. तांड्यावर जिथे चार माणसांचा आवाज आला तिथे जाऊन बसायचं, हा तिचा जन्माचा रिवाज. इथे दारं बंद. आरशांची ओढणी सावरत ती भिंतीला टेकून बसली, पडद्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली की दिवसाढवळ्या गोष्ट ऐकली तर मामा वाट चुकतो. आमचा मामा हात धूत होता. तो म्हणाला, याडी, रात्रीची लाइट असते कुठे? सगळे हसले, बाबा सोडून. मामा संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघाला आणि स्टँडवरच्या गर्दीत वणीच्या गाडीत जाऊन बसला. हे दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा याडीने कुणालाही काही ऐकवलं नाही, नुसती मान हलवली.

पण त्या दुपारचं अजून सांगायचं आहे. याडीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मराठीसुद्धा तिची आमच्यापेक्षा निराळ्या चालीची. तरी ती सिनेमाला हुंकारा देत होती. त्यांच्या तांड्यावर गोष्ट सांगणारा एक असतो आणि हुंकारा देणारा एक. हां, मंग, हां, असं म्हणणारा कोणी नसेल तर सांगणारा पुढे जातच नाही. आणि हुंकारा देणारा ऐकत असेल तर सांगणाऱ्याने गोष्ट अर्धी टाकून उठायचं नाही. याडी पडद्यावरच्या माणसांनाही तसाच मान देत होती. छत्रीवाला गाडीतून उतरला, हां. चुकून दुसऱ्याची छत्री घेऊन गेला, हां. त्या छत्रीच्या दांड्यावर एका बाईचा पत्ता निघाला, हां. तो तिच्या दारात उभा राहिला, दार उघडलं, आणि लाइट गेली.

"हां," याडी म्हणाली. "मंग?"

मी म्हटलं, याडी, आता लाइट येईल तेव्हा. तिला ते पटलं नाही. तिने बाबांकडे बोट केलं. "भाऊले माहीत आहे. त्यानं छत्री उचलाच्या पहिलेच भाऊ हासला होता."

मी पाहिलं नव्हतं. हसले होते का बाबा? याडी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली, दुकानात सुट्ट्या पैशांसाठी थांबावं तशी, निवांत. पुन्हा म्हणाली, मंग? बाबांनी घसा खाकरला. आत आईचं पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

"मंग तो म्हणाला, तुमची छत्री," बाबा म्हणाले.

आवाज गंजलेला होता, पण होता. याडी हां म्हणाली. मग ती बाई म्हणाली आत या, चहा घ्या. हां. असं करत करत बाबांनी त्या दोघांचं लग्न लावून दिलं, पावसात बँड वाजवला, आणि याडीने समाधानाने तंबाखूची चंची काढली. आई दाराशी येऊन उभी होती, पिठाचे हात तसेच. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर आम्ही दोघी तिथेच रडलो असतो.

लाइट आली तेव्हा उरलेला सिनेमा लागला. छत्रीवाल्याने चहा घेतला, टोपी घातली आणि तो गाडीत बसून कायमचा निघून गेला. लग्नबिग्न काही नाही. बाबा ओशाळून म्हणाले, मी विसरलो असेन. याडी ठाम होती. भाऊ विसरला नाही, सिनेमावाले विसरले. आमच्या घरात आजही एखादी गोष्ट वाकडी गेली की आई म्हणते, सिनेमावाले विसरले.

मग तो परिपाठच झाला. दुपारी याडी यायची, कॅसेट लागायची, लाइट जायची. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात एक यायचं आणि खांबावर दुसरंच चालायचं. जी आई वर्षभर वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, ती आता सिनेमा रंगात आला की पंख्याकडे बघायची, अजून फिरतोच कसा म्हणून. 'बँडवाला' आला, त्यात एका खेड्यातल्या बँडचा मोठा ढोल नदीत वाहून जातो. एक आगबोटीचा आला. एक आला त्यात सगळेच म्हातारे होते आणि सगळेच रुसलेले. बाबा निम्मं आठवून आणि निम्मं रचून सांगायचे, आणि मला शंका आहे की रचलेलंच जास्त चांगलं असायचं. इंग्लंडातल्या पाटलाच्या पोरीला ते खुशाल धाब्याच्या गच्चीवर वाळवणं घालायला लावायचे. याडीला त्यात काही खटकायचं नाही.

पण गोष्ट संपली की आवाजही संपायचा. सांगायला बसले की रेडिओ, उठले की पुन्हा हो, नाही, नको. आई म्हणायची, दुसऱ्याचं बोलतात, स्वतःचं कुठे बोलतात? तिचं बरोबर होतं. रजा संपत आली होती आणि परत जाणार की नाही, हे ते सांगत नव्हते. विहिरीवरची तिची पाळत सुटली नव्हती. तिकडून मामाचा फोन आला, लग्न जवळ आलं, येत्या रविवारी कॅसेट न्यायला येतो. खोक्यात एकच कॅसेट बघायची राहिली होती.

ती गिरणीवाल्याची. धुराडं, ओलं आवार, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, मागांचा खडखडाट, आणि एका भिंतीला लागून रचलेल्या कापसाच्या गठाणी. बाबा एकदम पुढे सरकले.

"वऱ्हाडातली रुई जायची तिकडं," ते म्हणाले. लाइट होती, कोणी मंग म्हटलं नव्हतं, तरी म्हणाले. आईने माझा हात दाबला.

गिरणी तोट्यात चाललेली. मालक लांब शहरात, त्याचा निरोप येतो की गिरणी बंद करा. तो निरोप कामगारांना सांगायचं काम इथल्या साहेबावर येतं. तो साधा माणूस आहे, त्याच बायांच्या शेजारी राहतो. तो आवारातून चालत येतो, दगडी पायऱ्या चढतो, टोपी काढून हातात घेतो. खाली सगळ्या बाया मान वर करून उभ्या. तो तोंड उघडतो. लाइट गेली.

"हां," याडी म्हणाली. "मंग?"

बाबांनी नेहमीसारखा घसा खाकरला. मग तो साहेब उभा राहिला, ते म्हणाले. हां. खाली सगळी माणसं, कोणी हलत नव्हतं. हां. वरून फोन आला होता की तुमचा आवाज चांगला आहे, तुम्हीच सांगा. हां. मग त्याच्या हातात माइक दिला. भोंगा लिंबाच्या झाडाला बांधला होता. हां. गाड्यांची रांग पार नाल्याच्या पुलापर्यंत गेलेली. माणसं थंडीत गाडीखाली झोपलेली, शेकोट्या अजून धुमसत होत्या. माइक सुरू झाला तशी बैलांनी कान हलवले.

गिरणीच्या दारात बैल कुठून आले, असं माझ्या मनात आलं. आणि मग कळलं. आईलाही कळलं होतं. तिने पदर तोंडाशी धरला होता. याडीला कळलं की नाही, कोण जाणे. तिचा हुंकारा जराही चुकला नाही.

"खरेदी बंद झाली, असं सांगतलं मी," बाबा म्हणाले. "आपापल्या गाड्या परत न्या म्हणून सांगतलं. गणपतीत सांगतो तसंच, शब्द तोडून तोडून, पार मागच्यालेही ऐकू जावं म्हणून."

"हां. मंग?"

"मले वाटलं आता दगड येईन. एकानंही नाही मारला. समोरच्या गाडीवर एक म्हातारा होता. तो म्हणे, समजलं साहेब. चांगलं सांगतलं. अन् त्यानं बैल वळवले. त्याच्या मागं सारे वळले." बाबा थांबले. "शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं, याडी. चांगलं सांगतलं म्हणे. कायले म्हणे तो असा?"

याडी या वेळी मंग म्हणाली नाही. तिने गुडघ्यावरची ओढणी सारखी केली.

"हुंकारा देल्ला त्यानं," ती म्हणाली. "बाकीचे चूप होते अन् तू एकटा भोंगा घेऊन उभा. माणसाले सांगाले लावून सारे चूप राह्यले तं तो माणूस मरून जाते. तेवढं त्या म्हाताऱ्याले माहीत होतं. त्यानं तुले एकटं नाही सोडलं, भाऊ."

तेवढ्यात लाइट आली. टीव्ही उजळला, साहेब पायऱ्यांवर दिसला, आणि आई पटकन उठली नि तिने बटण बंद केलं. बाबा दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते, रडत होते, आणि रडण्याचा आवाज येत होता. इतके दिवस गोष्टी सोडल्या तर त्यांच्यातून स्वतःचा असा आवाज आला नव्हता, त्यामुळे तो ऐकून मला भीती वाटली नाही. याडी जागची हलली नाही. खूप वेळाने बाबांनी उपरण्याने तोंड पुसलं, हवेत नाक वर केलं आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"परत वांगंच केलं काय?" ते म्हणाले.

हो, वांगंच केलं, आई म्हणाली, बाजारात दुसरं काय मिळते ते तरी सांगा, अन् बोलायचं नव्हतं तेव्हा रोज मुकाट खाल्लं ना? असं ती तणतणत आत गेली, आणि मी मागून गेले तर ती ओट्याला धरून हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आमच्या घरात त्याआधी आणि त्यानंतरही वांग्याच्या भाजीने कोणाला इतकं सुख दिलेलं नाही.

रजा संपली तशी बाबा कामावर गेले. जाताना आई विहिरीबद्दल काही बोलली नाही. महिन्याभराने तिकडची खरेदी पुन्हा सुरू झाली. त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी स्वतः माइक मागून घेतला आणि सुरू झाल्याचं सांगितलं. तो म्हातारा त्या दिवशी आला होता का, हे मी विचारलं. माहीत नाही म्हणाले, पण एक माणूस मागून ओरडला, आता अजून एकदा सांगा, साहेब. मग त्यांनी अजून एकदा सांगितलं.

आमचं घर त्यातून सुटलं. सगळी घरं सुटली नाहीत, हे मला माहीत आहे, आणि त्या हंगामाबद्दल लिहिताना ते विसरून लिहिता येत नाही. मी अजूनही कोणाच्या दारासमोर गर्दी दिसली की थबकते. पण सुटका ही सुटकाच असते. ती झाली म्हणून मी लाजायचं ठरवलं तर ज्यांची झाली नाही त्यांना काय मिळणार आहे? मी रोज सकाळी अंगणातला कापूस झाडते आणि मनात बरं वाटून घेते.

गिरणीवाला पुन्हा कोणी लावला नाही, आणि रविवारी मामा सगळ्या कॅसेट घेऊन गेला. गिरणीवाल्यावर माझ्या मामेबहिणीचं लग्न भरलं गेलं. ती कॅसेट लावली की आधी एक धुराडं धूर सोडताना दिसतं, मग पडदा हलतो आणि एकदम हळदीची गर्दी सुरू होते. पाहुणे विचारायचे, हे कुठलं? मामा सांगायचा, वरपक्षाचा कारखाना. याडी काही वर्षांनी तांड्यावर परत गेली, तिथेच वारली. तिच्या लेकाने सांगितलं की शेवटपर्यंत ती नातवंडांना छत्रीवाल्याची गोष्ट सांगायची, लग्नासकट.

तर आता ही डीव्हीडी. बाबा थकले आहेत, गुडघे धरतात, कमी दिसायला लागलं आहे. पण बोलणं म्हणाल तर घरात दुसऱ्या कोणाला शब्द काढायला जागा नाही. सकाळी दूधवाल्यापासून सुरू होतात ते झोपेपर्यंत. आई कानातलं यंत्र काढून ठेवते आणि म्हणते, बॅटरी वाचवते. परवा दुपारी मी दोघांना बसवलं आणि सिनेमा लावला. काय स्वच्छ चित्र! आम्ही ज्याला धुकं समजत होतो ते कॅसेटचंच होतं. इंग्लंडात तेव्हा ऊनसुद्धा पडत होतं. बाया आल्या, माग आले, गठाणी आल्या. बाबा म्हणाले, गठाण नीट आवळलेली नाही, बघ, पट्टी सैल आहे. मग त्यांना तो नळवाला आठवला, जो आमचा नळ दुरुस्त करून गेला आणि नळ आधीपेक्षा जास्त गळतो. मग यंदा तुरीवर कसली अळी आहे ते, मग शेजाऱ्याचा कुत्रा.

साहेब आवारातून चालत आला. पायऱ्या चढला. टोपी हातात घेतली. इतकी वर्षं मी ज्या वाक्यासाठी हा सिनेमा शोधत होते ते आता येणार होतं. लाइट होती, पंखा फिरत होता, काही जाणार नव्हतं. साहेबाने तोंड उघडलं, आणि बाबा कुत्र्याबद्दल बोलत होते, त्याला काय खायला घालतात, तो कोणावर भुंकतो आणि कोणावर नाही, अगदी सविस्तर, रेडिओवरच्यासारखं. साहेबाचे ओठ हलले. खालच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

रिमोट माझ्या हातातच होता. मी आवाज वाढवला नाही.